वर्षाचं वचन

चिठ्ठी बदलून मागायची कशी, या विचारात पाळकसाहेबांनी रूथमावशींच्या दारावरून मोटारसायकल दोनदा तशीच पुढे नेली.

नववर्षाच्या उपासनेत प्रत्येकाने डब्यातून बायबलमधल्या एका वचनाची चिठ्ठी उचलायची, तेच त्याचं वर्षभराचं वचन, ही चर्चची जुनी रीत. डब्यात आशीर्वादाचीच वचनं असतात. पण तरुणांच्या वर्गासाठी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या अवघड ओळीही तशाच चिठ्ठ्यांवर लिहिल्या होत्या. त्यांतली एक चुकून डब्यात गेली: देवाने माझ्यापासून तोंड का लपवलं, असं विचारणारी. ती नेमकी मावशींनी उचलली. चार वर्षांपूर्वी तरणाताठा मुलगा गेल्यापासून त्या मागच्या बाकावर बसायच्या. देव आहे हे पटवायला पाळकसाहेबांनी सृष्टीच्या रचनेपासून आपल्या वहीत जमवलेले सगळे दाखले देऊन पाहिले होते. त्या नुसत्या ऐकून घ्यायच्या.

तिसऱ्या खेपेला मावशींनीच हाक मारली. चिठ्ठी मुलाच्या फोटोच्या चौकटीत खोचलेली होती.

"मावशी, चूक झाली माझ्याकडून," म्हणत त्यांनी खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. "ती द्या, ही घ्या. हिच्यात आनंदाचं वचन आहे."

"आनंदाची चार आहेत माझ्याकडं, चार वर्षांची. वाचली की झोप उडायची." मावशींनी चौकटीला हात लावू दिला नाही. "हे शास्त्रातलंच ना? तुमच्या पदरचं नाही?"

"शास्त्रातलंच."

"मग राहू द्या, पाळकसाहेब. माणसांनी देव मनानं रचला असता, तर त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याच पुस्तकात ठेवली असती का?"

पाळकसाहेबांच्या जाडजूड वहीत हा दाखला नव्हता.