काच वर असू दे

"आबा, लंडनची थंडी तुम्हाला सोसायची नाही," महेश म्हणाला आणि लगेच बॅगेच्या चेनशी झटायला लागला.

ऐन डिसेंबरात पहाटे पायजमा वर खोचून मेथीच्या वाफ्यांना पाणी देण्यात ज्याचा जन्म गेला, त्या बापाला हे सांगायचं! पण आबा नुसतं म्हणाले, "खरं हाय. तुम्ही दोघं जाऊन या."

महेशला हायसं वाटलं. घोळ त्यानंच घातला होता ना! दिवाळीच्या फराळाला आबांचे दोस्त जमले होते, तेव्हा छाती फुगवून म्हणाला, "यंदा नाताळात आबांना लंडन दाखवणार!" मल्हारीतात्यांनी तर आबांच्या पाठीत अशी थाप मारली की हातातला चिवडा सांडला. बोलायला काय जातं? मग लंडनहून जीवनचा, महेशची बायको स्नेहल हिच्या भावाचा, फोन आला. घर लहान आहे, जादाची खोली एकच. त्यावर नवरा-बायकोनं दार लावून काय ते ठरवलं.

"लोक विचारतील तुम्हाला," महेश चाचरत म्हणाला.

"लोकांचं मी बघतो. मी मनमाडला जाईन चंद्रभागेकडं. बोललोय तिच्याशी."

"मी करतो आत्याला फोन."

"कशापायी? तू फोन केलास का ती लागली लाडू वळायला. गुडघे लय दुखतात तिचे."

महेशनं आग्रह धरला नाही. त्याला तरी कुठे धरायचा होता!

नाशिकमधल्या सातपूरच्या त्यांच्या रो-हाऊसमध्ये मग नुसती धांदल. जाड कोट आले, हातमोजे आले. स्नेहल रोज फोनवर भावाला विचारायची, रस्त्यांवर रोषणाई कधी लागते, ते मोठं झाड कुठल्या चौकात उभं करतात. आबा कोपऱ्यात बसून ऐकायचे. मधेच विचारायचे, "तिकडं दुपारीच अंधारतं म्हंतात, खरं का? आन नदीचं नाव काय म्हनलास?"

"टेम्स, आबा."

"टेम्स," आबा घोकायचे. "येताना चाकलेटं जरा जास्ती आण. वाटायला लागतील."

"लहान मुलासारखं करता बुवा तुम्ही!" महेश हसायचा.

एका संध्याकाळी आबा बाहेरून आले ते अंगावर नवी शाल, हातात नारळ, कपाळाला गुलाल.

"हे काय आबा? कुणाचं लग्न होतं?" स्नेहलनं विचारलं.

"होता एक कार्यक्रम."

तिनं पुढं विचारलं नाही. नारळ मात्र बरा सापडला. तिनं तो खवला आणि भावासाठी वड्या केल्या. दुसऱ्या दिवशी आबा मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत बसले होते. म्हणाले, "लय करकरतं मेलं. चार घरं ऐकू जातं."

निघायच्या दिवशी आबा आपली पिशवी घेऊन सगळ्यांआधी गाडीत जाऊन बसले. पुढं, ड्रायव्हरशेजारी. मुंबई नाक्यावर उतरून रिक्षानं नाशिकरोड स्टेशनला जाणार होते. अंगावर ती शाल, डोक्याला कानटोपी.

चौकात मल्हारीतात्या आणि पाचसात मंडळी उभी होती. चक्क हार घेऊन!

"बघ, आपल्याला निरोप द्यायला आलेत," महेश स्नेहलला म्हणाला आणि काच खाली करायला लागला.

"काच वर असू दे," आबा पटकन म्हणाले. "गार वारं येतंय."

आपल्या बापाला कधीपासून वारं लागायला लागलं, असं महेशच्या मनात आलं आणि गेलं. बाहेर मल्हारीतात्या काहीतरी ओरडत होते, हसत होते. आबा आतून हात जोडत होते. महेशनंही झोकात हात हलवला. मुंबई नाक्यावर आबा उतरले, "जपून जा रे," म्हणाले आणि गाडी सुटली तरी तिथंच उभे राहिले.

लंडन मात्र ऐकलं होतं तसंच झकास होतं. रोषणाई पाहिली, झाड पाहिलं, फोटोंचे रोलच्या रोल संपवले. नाताळच्या दिवशी बस बंद, दुकानं बंद. सगळे घरात अडकले. वेळ जाता जाईना, तेव्हा कुठं महेशला बापाची आठवण झाली. एक वडी तोंडात टाकून त्यानं मनमाडला फोन लावला.

"अगं बाई, महेश!" चंद्रभागाआत्या आनंदानं ओरडलीच. "आधी दादाला दे बरं. आवाज ऐकायला जीव नुसता आसुसलाय."

"दादाला? म्हणजे आबांना?"

"मग कुणाला? दादा लंडनला निघाला म्हणून सत्कार केला, त्याला मी आले होते ना नाशिकला! तुला कंपनीतून यायला जमलं नाही म्हणे. मल्हारीनं शाल पांघरवली, नारळ दिला. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्या लेकानं दिलेला शब्द पाळला. रडला रे माझा भाऊ. दे ना त्याला. थंडी सोसतेय ना?"

महेशनं तोंडातली वडी हातावर काढली. आत्या हॅलो हॅलो करत राहिली आणि त्यानं फोन ठेवला.

"काय झालं?" जीवननं विचारलं. स्नेहलला आत्याचा खणखणीत आवाज ऐकू गेला होता. तिनं वड्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"आपल्या घरी लाव," ती म्हणाली.

सातपूरच्या बंद घरातला फोन वाजायला लागला. वाजत राहिला. मग कुणीतरी तो घाईनं उचलला, आजूबाजूला ऐकू जाऊ नये म्हणून उचलावा तसा. पलीकडून तोंडावर शालीचा पदर धरल्यासारखा दबका आवाज आला.

"मी राखणदार बोलतोय. मालक घरी नाय. बापाला घेऊन लंडनला गेल्यात."