नवव्या झेंड्यामागे

डोळे मिटा बरं. समुद्रकाठची वाळूची जमीन समोर आणा. तिच्यावर आखूड गवत, नऊ झेंडे, आणि डोक्यावरची टोपी हातात धरायला लावणारा वारा. आता त्या वाऱ्यात चालणारी तीन माणसं पाहा: म्हातारे परीक्षक, त्यांची वही सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी, आणि तिचा मामा, म्हणजे या गोल्फ मैदानाचा माळी. मैदान आखलं होतं मुलीच्या आईने. ते खुलं होण्याच्या महिनाभर आधी ती लांबलेल्या आजारात गेली.

आज शंभरात सत्तर गुण पडले तर मैदान सगळ्यांसाठी खुलं राहणार होतं. नाही पडले तर जमीन हॉटेलला जाणार होती.

परीक्षकांची एक रीत होती. आखणाऱ्याने प्रत्येक झेंड्यासाठी एक चिठ्ठी लिहून पाठवायची. ते आधी तिथवर चालत जायचे, गुण द्यायचे, आणि मगच ती उघडायचे.

"आधी पायांनी वाचायचं, मग डोळ्यांनी," ते मुलीला म्हणाले.

मुलगी कान देऊन ऐकते हे पाहून त्यांना शिकवायचा हुरूप आला. वाळूत पाणी साचत नाही, म्हणून हा खेळ वाळूवर रुजला. इथले चढउतार वाऱ्याने घडवलेत, आणि तुझ्या आईने ते मोडले नाहीत, हे विशेष. तिसऱ्या झेंड्यापाशी त्यांनी कोडं घातलं: अशा मैदानांवरचे वाळूचे पहिले खड्डे कोणी खणले? मामा म्हणाला, माळ्यांनीच, आणखी कोणाची कंबर मोडणार? परीक्षक हसले. माळ्यांनी नव्हे, मेंढ्यांनी. वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या वाळूत अंग रुतवून बसायच्या.

"आणि आता खड्डे कशाला असतात?" मुलीने विचारलं.

"खेळणाऱ्याला पेचात टाकायला. जिथे चेंडू कधी येणारच नाही, तो खड्डा म्हणजे चूक. त्याचे मी गुण कापतो, हे सगळ्या माळ्यांना ठाऊक आहे."

मुलीने मामाकडे पाहिलं. मामा झेंड्याची काठी सरळ करू लागला. ती सरळच होती.

"तसा खड्डा इथे एकही नाही, आजोबा," ती म्हणाली.

वही घेताना परीक्षकांना तिच्या तळहातांवरचे फोड दिसले. आठवडाभर साफसफाई चालली होती, मामाने घाईने सांगितलं. नको म्हटलं तरी पोर ऐकते कुठे, आईच्याच वळणावर गेलीय.

नवव्या झेंड्यापाशी परीक्षकांनी बेरीज केली. एक्क्याऐंशी. मामाने टोपीनेच डोळे पुसले. मुलीने किती तरी वेळ रोखलेला श्वास सोडला.

मग परीक्षकांनी शेवटची चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचली.

"या झेंड्यामागच्या खड्ड्यात चेंडू कधीच येणार नाही. गुण कापलेत तरी चालतील. साऱ्या मैदानात वारा लागत नाही तो तिथेच. मी नसेन तेव्हा माझ्या लेकीला बसायला जागा हवी."

परीक्षकांनी मान वर केली. झेंड्यामागे सपाट गवत होतं. मधला एक तुकडा तेवढा जरा जास्त हिरवा होता.



मुलीने त्या तुकड्यावर गुडघे टेकले, नवं गवत चटईसारखं उचलून बाजूला टाकलं, आणि फोड आलेल्या हातांनी वाळू उपसायला लागली.