नळीतला केशरी

सासऱ्यांनी काचेच्या नळीतल्या तलावाच्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे पाच थेंब टाकले, तोंड अंगठ्याने दाबून ती हलवली आणि खिडकीशी धरली. केशरी. त्यांनी नळी मोरीत रिकामी केली.

"पुन्हा भरून आण. खोल बाजूचं."

सून नळी घेऊन गेली. सकाळपासून ही तिसरी खेप.

वीस वर्षं या खाऱ्या पाण्याच्या तरणतलावाची निगा सासऱ्यांनी राखली होती. मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र चाललं की पाण्याचा पीएच चढतो, आणि नळीतला बिनधोक केशरी रंग गुलाबी होतो. रोज पहाटे नाकाला फडकं बांधून, अ‍ॅसिड ओतून ते तो उतरवायचे. हाताचा अंदाज असा, की मापाने लाजावं. मग गुडघ्यांनी संप केला आणि सहा वर्षं त्यांच्या हाताखाली जाळीने तलावातला पालापाचोळा काढणारी सून काम बघू लागली. तिने कुठूनकुठून वाचून, वहीत आकडेमोड करून पाण्यात दोन पोती बोरिक पावडर विरघळवली. पीएचची चढण या पावडरीने अडते, म्हणाली. अ‍ॅसिडचे कॅन कोपऱ्यात धूळ खात बसले.

"झुरळं मारायची पावडर!" सासरे घर डोक्यावर घेऊन म्हणाले होते. "तलावात झुरळं पोहायला येतात का गं?"

"झुरळं नाही येत, बाबा. तुम्ही मात्र रोज येता."

येतच होते. काठी टेकत, खिशात स्वतःची नळी घेऊन. आज मॅनेजरही येऊन उभा होता. सुनेला कायम करायचं की काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, ते आज ठरणार होतं, आणि तो सासऱ्यांच्या शब्दासाठी थांबला होता.

तिसरी नळीही केशरी. सासऱ्यांनी चष्मा पुसला. नळी उजेडात धरली, मग पांढऱ्या भिंतीसमोर. खोट सापडेपर्यंत हे काही सोडायचे नाहीत, सुनेच्या मनात आलं.

"काका, सांगा बुवा एकदाचं," मॅनेजर म्हणाला. "तुमचं काम जमतंय का हिला?"

"नाही."

सुनेने मान खाली घातली.

सासरे बाकावर टेकले. "काल तलाव बंद झाल्यावर मी तलावाच्या पंपाच्या टाकीत दोन किलो धुण्याचा सोडा ओतला. पीएच चढवायला. रात्रभर पंप चालू होता. आत्ता ही नळी गुलाबी व्हायला हवी होती. पीएच चढला असेल तर केसभर."

मॅनेजरने आ वासला. "म्हणजे, काका, तुम्हीच..."

"मीच. माझं काम हिला कसं जमणार, साहेब? ते हिने शिल्लकच कुठे ठेवलंय? वीस वर्षांची सगळी हुशारी ओतून बघितली मी. हिचं पाणी मला पुरून उरलं."