शालूबाईच्या परड्यातली टाकी

यल्लाप्पा समोर आला की त्याच्या तोंडावर थुंकायचं, हे दीक्षानं गगनबावड्याच्या एसटीत बसतानाच ठरवून टाकलं होतं.

मांडीवर गॅस मोजायच्या यंत्राची पेटी होती. हे काम तिनं विद्यापीठात भांडून मागून घेतलं होतं. जगात मिथेन कुठून निघतो याचा मोठा नकाशा सरांनी विभागात लावला होता. रशियाच्या गळक्या गॅसवाहिन्या, अमेरिकेतले कचऱ्याचे डोंगर, चीनच्या कोळशाच्या खाणी. भारताच्या नावावर म्हशी आणि भात. मधली काही वर्षं हवेतलं प्रमाण थबकलं होतं, ते पुन्हा चढायला लागलं होतं. आणि बोटं दाखवली जात होती ती इथल्या गोठ्यांकडं.

"त्यांनी हवं तेवढं जाळायचं आणि आम्ही म्हशीचे ढेकर मोजायचे?" दीक्षा सरांवर उसळली होती.

सर शांतपणे म्हणाले होते, "आपलं आपण मोजलं नाही, तर ते सांगतील तेच खरं धरावं लागेल. गावोगाव बंद पडलेल्या गोबरगॅसच्या टाक्या आहेत. त्या किती गळतात, कुणालाच माहीत नाही. कोण जाणार?"

"मी."

त्यामागचं कारण सरांना ठाऊक नव्हतं.

दीक्षाचा बाप, नागसेन, गोबरगॅसच्या टाक्या बांधायचा. नव्वद साली गगनबावड्याजवळच्या एका वाडीत, शालूबाईच्या परड्यातल्या टाकीत गुदमरून गेला. दीक्षा तेव्हा तीन वर्षांची. तिला बापाचा चेहरा फोटोतला तेवढाच माहीत. पण तो कुणामुळं गेला, हे कोल्हापुरातल्या त्यांच्या सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्याचा जोडीदार यल्लाप्पा. 'गॅस गेलाय, उतर खाली,' असं यल्लाप्पानं सांगितलं आणि स्वतः वर उभा राहिला. हे त्यानंच वस्तीत येऊन चारचौघांत कबूल केलं होतं. लोकांनी त्याला गुरासारखा बडवला. मग तो गाव सोडून त्याच वाडीत, मामाकडं जाऊन राहिला.

दर सुगीला त्याच्याकडून तांदळाचं पोतं यायचं. दीक्षा त्या भाताला शिवत नसे. आई, तानूबाई, मुकाट्यानं रांधायची आणि खायची. दीक्षानं आवाज चढवला की एवढंच म्हणायची, "त्येचं नाव काढू नगंस माज्यापुढं." आईचा राग आपल्यापेक्षाही खोल गेलाय, असं दीक्षाला वाटायचं.

वाडीत पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. शालूबाई दारातच भेटली. पिकलेले केस, कमरेत वाकलेली.

"या पावणं. मोजायला आलाय न्हवं? परड्यात हाय बघा टाकी. कैक वर्सं झाली, झाकण काढल्यालं न्हाय. आमच्यातल्या कुणाला जमायचं न्हाय ते. यल्लाप्पाला सांगावा धाडलाय."

शालूबाई चहा टाकायला आत गेली.

यल्लाप्पा आला. हातात पहार. दीक्षाला बघून तो जागीच थांबला. तिच्या चेहऱ्यात नागसेन होता, तो कुणालाही दिसला असता.

"जय भीम, पोरी," तो हळू म्हणाला.

दीक्षा पेटी उघडून नळी जोडायला लागली.

"बरी हाईस न्हवं?"

या एका प्रश्नानं तिच्या अंगाचा भडका उडाला. तरी ओठ दाबून ती म्हणाली, "झाकण काढ."

पहार घालून त्यानं गंजलेलं झाकण उचकटलं. आतून कुजका, दमट वास आला. दीक्षा यंत्राची नळी घेऊन काठावर वाकली, तोच यल्लाप्पानं झेप घेऊन तिचा दंड धरला आणि तिला मागं खेचलं.

"कडंला नगं जाऊस!" त्याचा आवाज फाटला होता.

"हात सोड! माझ्या बापाला असं धरलं असतंस तर?"

त्यानं हात सोडला.

"बोल ना आता. तूच सांगितलंस ना त्याला, उतर म्हणून?"

"व्हय."

"आत गॅस आहे, हे ठाऊक असताना?"

"व्हय."

"आणि वरनं बघत उभा राहिलास!"

यल्लाप्पानं टाकीच्या काळ्या तोंडाकडं बघितलं. "हात पुरला न्हाय माजा," तो म्हणाला.

"वस्तीत येऊन सांगितल्यानं फिटलं वाटतं? तांदूळ धाडून फिटलं?" आणि ती थुंकली. नेमकी त्याच्या तोंडावर.

यल्लाप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं गाल पुसला. रागावला नाही, कळवळलाही नाही.

"मोज तुजं," तो म्हणाला. "पर कडंपास्नं लांब ऱ्हा." आणि पहार तिथंच टाकून गेला.

दीक्षानं नळी लांबूनच आत सोडली. इतकी वर्षं साठवलेलं ओकून टाकलं, तरी छाती हलकी होईना. उलट राग आणखीनच चढत होता. म्हातारा एक शब्द उलट बोलला असता, तर बरं झालं असतं.

शालूबाई चहा घेऊन आली. "यल्लाप्पा कुठं गेला?"

"घालवला मी त्याला! तुमच्या ह्याच टाकीत माझ्या बापाला मारलंय त्यानं. मी नागसेनची मुलगी."

शालूबाईनं कप तसाच खाली ठेवला. जवळ येऊन दीक्षाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि खूप वेळ निरखून बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"आगं बया! म्हंजी तवा बापासंगं येऊन खेळता खेळता ह्या टाकीत पडलीतीस, आन् बाप तुज्यामागं उडी टाकून, तुला वर यल्लाप्पाच्या हातात देऊन गेला, ती पोरगी तूच व्हय?"