उलट्या वळणाचा मणी

भट्टीतून निघालेला शेवटचा मणी तिचा नव्हता.

थोरलीने तो सळईवरून सोडवला, पाण्यात बुडवून भोकात राहिलेली सळईवरची माती काढली आणि खिडकीशी नेला. निळा, गोल, कुठे नाव ठेवायला जागा नाही. हीच तर मेख होती. काल शेवटचा मणी तिच्या हातून पार बिघडला होता. काचेची कांडी धरलेला हात ऐन वेळी थरथरला, वरचा पांढरा धागा मध्येच तुटला आणि मणी एका अंगाला कलला. कुणी पाहिलं नाही ना, याची खात्री करून तिने तो तसाच भट्टीत सरकवला आणि ती फिरायला निघून गेली. रात्रभर निवता निवता बिघडलेला मणी आपोआप सुधारतो, असं तिने तरी अजून ऐकलं नव्हतं.

चोर काहीतरी घेऊन जातो. हा चोर चांगला मणी ठेवून गेला होता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. परवाच व्यापारी म्हणाला होता, "बाई, हात पुन्हा छान बसला तुमचा." तेव्हा ती खूश झाली होती. आता तेच वाक्य तिला टोचू लागलं.

तिने भिंग लावलं. पांढरा धागा मण्याभोवती उलट्या अंगाने फिरला होता. मणी खाली-वर करून पाहिला, तरी वळण उलटंच. उजव्या हाताने सोडलेला धागा असा जातच नाही.

धाकटी बहीण चहा घेऊन आली. काल संध्याकाळी घरात तीच एकटी होती. इतकी वर्षं ती मण्यांना रंग चढवायची मीन्याची पूड चाळून देत आली. बर्नरच्या ज्योतीपुढे तिला थोरलीने कधी बसू दिलं नाही. डावखुऱ्यांचं हे काम नाही, एवढं सांगून विषय मिटवला होता. धाकटीने डाव्या हाताने कप ठेवला. अंगठ्यावर ताजा फोड होता.

"कशाने भाजलं?"

"तव्याने."

"काल स्वयंपाक मी केला."

धाकटीने अंगठा मुठीत दडवला. म्हणजे हिला हाताचं कळलंय. कधीपासून? व्यापाऱ्याच्या कानावर घातलं असेल का? हे मायेने चाललंय, की खुर्चीवर डोळा आहे?

"माझा मणी कुठाय?"

"कालचा अजून राखेत निवतोय," धाकटी म्हणाली आणि तिने गळ्यातला दोरा ओढून बाहेर काढला. त्यात निळे मणी ओवलेले होते. एक चपटा, एक कललेला, बाकीचे तुटक्या धाग्यांचे.

"पुरावा म्हणून जपलेस?"

"ताई, तू आजवर मला एक तरी मणी दिलास का?"

खरंच दिला नव्हता. चांगले विकायचे आणि वाईट फोडायचे, हा तिचाच शिरस्ता. पण संशय एवढ्याने कुठला जायला. व्यापाऱ्यासाठी ठेवलेली माळ तिने पुढ्यात ओढली आणि एकेक मणी भिंगाखाली धरला. सरळ, सरळ, उलटा. सरळ, उलटा, उलटा. उलटे जास्त चांगले होते. तिला रडू फुटलं, आणि ते दिसू नये म्हणून ती बराच वेळ भिंगावरून उठलीच नाही.

"ही माळ जायची नाही," शेवटी ती म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. "का?"

"एका माळेत एकच हात दिसला पाहिजे."

मग ती खुर्चीवरून उठली. कांड्यांचं तबक तिने बर्नरच्या उजव्या बाजूहून उचललं आणि डावीकडे ठेवलं.