पापणी धरणारं कोणी

साखरखेर्ड्याचे उत्तमकाका दर मंगळवारी पहिल्या एसटीनं खामगावला, आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात येतात. त्यांचं बुबुळ शंकूसारखं पुढं आलंय. किरणांचा उपचार करून डॉक्टरांनी आजार थांबवला, पण नीट दिसायला मोठी, कडक लेन्स लागते. ती सलाईननं भरून डोळ्यावर कशी बसवायची, हे मी त्यांना सहा मंगळवार शिकवतेय. एकदा जमलं, की मग सहा महिन्यांनीच यायचं.

"माह्या हातानं बसतच नाही वं पोरी," आजही लेन्सची डबी माझ्यापुढं ठेवत ते म्हणाले. "आठ दिवस झाले, डबीतच पडून हाय. घरी पापनी धराले कोनी नाही."

मी त्यांच्या गालावर हात टेकवून पापणी वर उचलली. काकांनी मान माझ्या हातावर सैल सोडली.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर ताजा गोल वळ होता. ही लेन्स दोन-चार तास डोळ्यात राहिली, की तिच्या कडेचा असा वळ उमटतो आणि लेन्स काढल्यावर थोड्या वेळानं विरून जातो.

मी लेन्स बसवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मंग? आता जमंन का मले?"



"नाही काका, अजून नाही जमत तुम्हाले," मी म्हणाले. "पुढच्या मंगळवारी या."