पाहुण्याची परीक्षा

“हा व्रण माझ्या नवऱ्याच्या पायावरही होता,” ती चष्मा सावरत म्हणाली. “अगदी इथेच. छान तयारी केलीत तुम्ही.”

प्राध्यापकांनी वर ओढलेली विजार खाली सोडली. सायकलवरून पडले तेव्हा हिनेच पट्टी बांधली होती. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. आज तीच बाई तो व्रण बोट लावून, दुकानातल्या मालासारखा निरखत होती.

तीन महिने हे चाललं होतं. एका सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप घेता घेता तिने विचारलं होतं, “तुम्ही कोण?” त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरात पाहुणे झाले. चेहरा नवऱ्याचा, आवाज नवऱ्याचा, पण आत माणूस दुसराच, असं तिचं म्हणणं. बाकी सगळं तिला लख्ख आठवायचं. डॉक्टरांनी आजाराला एक लांबलचक नाव दिलं आणि हात टेकले. ती झोपायच्या खोलीला आतून कडी लावायची आणि दाराला खुर्चीही लावून ठेवायची. त्यांनी वाढलेल्या ताटाला हात लावायची नाही. निम्मी झाली होती. शेवटी लेक आली. आत ती आईची बॅग भरत होती आणि चार वाजता गाडी येणार होती. एकदा गेली की ही परत येणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“मला एक तास दे,” प्राध्यापक लेकीला म्हणाले होते. “मी पटवतो तिला.”

“बाबा, हा वर्ग नाहीये.”

पण जित्याची खोड. विज्ञानाने एखादी गोष्ट खरी कधी मानावी, या एका प्रश्नावर त्यांनी हयात घालवली होती. सहा पुस्तकं लिहिली. सहाही तिनेच टाइप केली, आणि समासात पेन्सिलीने अशा शंका काढल्या की प्राध्यापक रात्र रात्र तळमळायचे. अशा माणसाला ‘मी तो मीच’ एवढं बायकोला पटवता येऊ नये?

त्यांनी लग्नाआधीचं पत्र न बघता म्हणून दाखवलं. “पाठ करता येतं,” ती म्हणाली. लेक जन्मली त्या दिवसाची हकीकत सांगितली. “ही हकीकत माझे यजमान गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत सुटले होते.” मग त्यांनी कागदावर सही केली. तिने जुन्या पुस्तकातली सही शेजारी धरली. वयाबरोबर अक्षराचं वळण बदललं होतं, सही जुळत नव्हती. प्राध्यापकांनी दोन्ही सह्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. घटकाभर त्यांनाही आपली नवी सही परक्याचीच वाटली.

ती पुढे वाकली. आवाज खाली आणून, समजुतीच्या स्वरात म्हणाली, “खरं सांगा. काय केलंत त्यांचं?”

“अगं, मी इथेच आहे!”

“ते इथे असते, तर मला एकटीला तुमच्याबरोबर राहू दिलं असतं का?”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

“बरं, शेवटचं एक विचारते,” ती म्हणाली. “काय दिसलं, तर तुम्ही स्वतःच कबूल कराल, की तुम्ही माझा नवरा नाही?”

प्रश्न त्यांचाच होता. दर वर्षी पहिल्या तासाला ते नव्या मुलांना हाच विचारायचे. आपण चुकलो हे कशावरून कळेल, ते आधी सांगा. ज्याला ते सांगता येत नाही, त्याने सत्याचं नाव काढू नये. उत्तरंही ढीगभर होती. बोटांचे ठसे होते, रक्त होतं, दातांचे जुने एक्स-रे होते. शांत डोक्याने एक जरी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि त्यांचा धीर सुटला.

“काहीही दिसलं तरी नाही!” त्यांनी टेबलावर मूठ आपटली. “जगाने छप्पन्न पुरावे आणले तरी नाही! मीच आहे तो!”

लेक धावत दारात आली. तिची आई चष्मा काढून पदराने पुसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण इतक्या दिवसांची भीती कुठच्या कुठे गेली होती. ती उठली आणि तिने लेकीचा हात धरला.

“चल बाळा,” ती म्हणाली. “हे खरंच तेच असतील की काय, अशी थोडी शंका होती, म्हणून थांबले होते. पण असं उत्तर त्यांनी जन्मात दिलं नसतं.”